पदार्थविज्ञानाची पदवी आणि आपला व्यापारी समाज

गेल्या वर्षी जून महिन्यात आपल्या संघाच्या शिष्यवृत्ती समितीपुढे जे अर्ज आले, त्यांत एक अर्ज निपाणीतील एका पेढीवरच्या दिवाणजींच्या मुलीचा होता. बारावीस गणितात व पदार्थविज्ञानात तिला उत्तम गुण होते. पुढील शिक्षणाच्या रकान्यात तिने 'बी. एस्सी., भौतिकशास्त्र' असे स्वच्छ अक्षरांत लिहिले होते. समितीने तो अर्ज पाच मिनिटांत निकालात काढला. 'अभ्यासक्रम नियमात बसत नाही' असा शेरा पडला, आणि समितीचे एक सभासद या नात्याने त्या शेऱ्याखाली आमचीही सही आहे.

समितीने पक्षपात केला असे कोणी समजू नये. वैद्यक, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वाणिज्य आणि चार्टर्ड अकौंटंटची परीक्षा एवढ्यांनाच शिष्यवृत्ती द्यावी असा आपला नियम आहे, आणि तो करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. संघाचा निधी हा सभासदांच्या कष्टाचा पैसा. ज्या शिक्षणाने मुलगा लवकर मिळवता होईल त्यावरच तो खर्ची पडावा, हा विचार व्यापाऱ्यास शोभणारा आहे. परंतु घरी आल्यावर आम्हांस एक गोष्ट टोचू लागली. ज्या विषयाचा अर्ज आम्ही परत केला, तो विषय म्हणजे नेमके काय, हे समितीत बसलेल्या आम्हां मंडळींपैकी एकासही धड सांगता आले नसते. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. त्यानंतरचे सारे आयुष्य धान्याच्या वखारीत गेले. पोते न फोडता मालास नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकास आपण हसतो. येथे तर आम्हीच माल न पाहता तो नापसंत केला होता. म्हणून गेल्या वर्षात थोडे वाचले, शिकणाऱ्यांना व शिकविणाऱ्यांना विचारले, आणि जे मत बनले ते या स्मरणिकेच्या द्वारे सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपले आक्षेप आपणच मांडू. पहिला आक्षेप पोटाचा. तीन वर्षे शिकून हाती जी पदवी येते तिच्यावर नोकरी कोठे आहे? दुसरा काळाचा. वाणिज्याचा पदवीधर एकविसाव्या वर्षी गादीवर बसतो; पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास पुढे आणखी दोन वर्षे, कदाचित आणखी पाच-सात वर्षे शिकावे लागते. तिसरा आक्षेप पेढीचा. मुलगा ताऱ्यांची गणिते करू लागला तर वखार कोणी सांभाळावी? मुलीच्या बाबतीत चौथा आक्षेप ठरलेलाच असतो. तिच्या लग्नाचे वय होऊन जाईल, हा. आणि पाचवा आक्षेप आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी घेतला. ज्या विद्येतून अणुबाँब निघाला ती विद्या अहिंसाधर्मी कुटुंबाने आपल्या मुलांस का शिकवावी, असा त्यांचा प्रश्न. हे आक्षेप हसून सोडून देण्यासारखे नाहीत. त्यांची उत्तरे द्यावयाची तर या विषयाचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे.

पदार्थविज्ञानाच्या पदवीस बसणाऱ्या मुलास पहिल्या वर्षी गतीचे व बलाचे नियम, पदार्थांचे गुणधर्म, उष्णता, ध्वनी असे विषय असतात. पुढे प्रकाश, वीज व चुंबकत्व, इलेक्ट्रॉनिक्स येते. शेवटी अणूचे अंतरंग, घन पदार्थांची रचना आणि पुंजयामिकी. या सर्वांच्या जोडीला गणित असते, आणि ते सोबतीला नसून मानगुटीवर असते, असे एका विद्यार्थ्याने आम्हांस सांगितले. पण आमचे लक्ष वेधून घेतले ते प्रयोगशाळेने. तेथे विद्यार्थी एक लोखंडी पट्टी लंबकासारखी हलवितो, तिचे हेलकावे घड्याळ लावून मोजतो, आणि त्यावरून पृथ्वीची ओढ काढतो. उत्तर सेकंदास सेकंदागणिक ९८० सेंटिमीटरच्या आसपास आले पाहिजे. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली भिंग ठेवून तो काळी-पिवळी वलये मोजतो आणि त्यांवरून प्रकाशलहरीची लांबी काढतो. ती एका मीटरच्या अब्जांश भागांत ५८९ इतकी भरते. केसाच्या जाडीचा शंभरावा भागही ज्याच्यापुढे मोठा, ते माप साध्या भिंगाने व फूटपट्टीच्या भाऊबंदांनी काढावयाचे!

त्यापुढील गोष्ट व्यापाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावी. उत्तर लिहून काम संपत नाही. या उत्तरात चूक किती असू शकेल, ती घड्याळामुळे किती, पट्टीमुळे किती, डोळ्यामुळे किती, हेही हिशेब करून उत्तरापुढे मांडावे लागते. आपल्या रोजमेळात आपण जमा लिहितो, नावे लिहितो, शिल्लक मिळवितो. पण 'या शिल्लकेत इतक्या रुपयांची चूक असू शकेल' असे स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारा मुनीम आम्ही आजवर पाहिला नाही. पदार्थविज्ञानाची वही ते रोज लिहावयास शिकविते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलास एवढी एकच सवय लागली तरी त्याच्या बापाने फी वसूल झाली असे समजावे.

अर्थात् हे सर्वत्र असेच चालते असा आमचा भ्रम नाही. काही ठिकाणी जुन्या वह्या पुढे ठेवून आकडे उतरविले जातात, उत्तर ९६० आले तर ते खोडून ९८० केले जाते, आणि गुरुजीही त्यावर सही करतात, असे आमच्या कानावर आले आहे. ती खोटी वहीच होय. ज्याने आपल्या मुलास या शिक्षणास घातले त्या पालकाने वर्षातून एकदा तरी त्याला विचारावे, 'तुझे उत्तर चुकले तेव्हा तू काय लिहिलेस?' या प्रश्नास पदवी लागत नाही. तो मॅट्रिक झालेल्या बापासही विचारता येतो.

आता हा विषय आपल्या दुकानापासून किती दूर आहे ते पाहू. पूर्वी आमचे वडील हरभऱ्याचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगत. आज यार्डात ओलावा मोजण्याचे यंत्र असते. विजेचा भार साठविण्याची पाण्याची शक्ती कोरड्या दाण्याच्या मानाने कितीतरी अधिक. म्हणून दोन पट्ट्यांमध्ये धान्य भरून तेवढी शक्ती मोजली की ओलाव्याचा आकडा पुढे येतो. त्या आकड्यावर शेतकऱ्याचा कडता ठरतो. ट्रक तोलणाऱ्या काट्याखाली पोलादाचे ठोकळे असतात. भाराने ते रेसभर दबतात, त्यांवर चिकटविलेली बारीक तार ताणली जाते, तिचा विजेस होणारा विरोध किंचित बदलतो, आणि तो बदल ज्या चौकोनी मंडलाने मोजतात ते व्हीटस्टन यांनी १८४३ साली प्रसिद्धीस आणले. तेच मंडल आजही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलांच्या हाती देतात. डाळीच्या गिरणीत काळा दाणा ओळखून वाऱ्याच्या फुंकरीने बाजूस उडविणारे यंत्र प्रकाशशास्त्रावर चालते. आम्ही या तिन्ही यंत्रांस पैसे मोजले आहेत, आणि ती बिघडली की परगावच्या तंत्रज्ञाची वाट पाहत बसलो आहोत. त्यांच्या पोटात काय आहे हे मात्र आम्हांस गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हते.

येथे एक प्रसंग सांगणे भाग आहे. दिवाळीत, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, आमच्या पेढीवर वहीपूजन असते. वीर संवताचा नवा अंक घालून वह्या मांडतात, आणि त्यांच्याशेजारी वडिलांच्या वेळचा पितळी तराजू पूजेस ठेवतात. त्या दिवशी शेजारच्या पेढीवरील दिवाणजी पानसुपारीस आले, त्यांच्याबरोबर त्यांची ती मुलगीही आली. शिष्यवृत्ती नाकारली गेली तरी तिने आपला विषय सोडला नव्हता. बापाने सोसायटीचे कर्ज काढून तिला पाठविले होते. आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे झाले, आणि ते झाकण्यासाठी आम्ही थट्टेने म्हणालो, "काय पोरी, तुझे पदार्थविज्ञान या तराजूबद्दल काही सांगते का?"

तिने दांडी बोटावर तोलून पाहिली आणि विचारले, "अण्णा, ह्याचे दोन्ही हात सारखे आहेत का?"

ते सारखे नव्हते, आणि हे आम्हांस ठाऊक होते. आमचे वडील अत्यंत सचोटीचे. दांडीत फरक आहे हे कळल्यावर त्यांनी अशी रीत पाडली होती की, निम्मा माल एका पारड्यात तोलावा व निम्मा दुसऱ्या पारड्यात. म्हणजे एकीकडे गिऱ्हाइकाचा तोटा झाला तर दुसरीकडे भरून निघेल आणि कोणाचेच नुकसान होणार नाही. ही रीत आम्ही तिला अभिमानाने सांगितली. तिने कागद मागितला. समजा, एक हात १० अंगुळे आणि दुसरा ११. किलोचे वजन लांब हाताकडे ठेवले तर आखूड हाताकडे ११०० ग्रॅम माल बसेल. वजन आखूड हाताकडे ठेवले तर दुसरीकडे ९०९ ग्रॅम बसेल. बेरीज झाली २००९. म्हणजे दोन किलोमागे नऊ ग्रॅम माल दुकानदाराच्या घरचा गेला. हातांतील फरक कितीही असो आणि कोणत्याही बाजूस असो, या रीतीने नुकसान नेहमी दुकानदाराचेच होते, गिऱ्हाइकाचे कधीच होत नाही, असे तिने बीजगणिताच्या तीन ओळींत दाखविले.

आम्ही तो कागद वहीत ठेवला आहे. वडिलांनी आयुष्यभर समतोल साधला असे त्यांस वाटत होते. प्रत्यक्षात ते आयुष्यभर थोडे थोडे अधिक देत राहिले. हे जाणून आम्हांस दुःख झाले नाही. पण ज्या मुलीचा अर्ज आम्ही पाच मिनिटांत परत केला होता, तिने आमच्या घराण्याच्या तराजूचे रहस्य पाच मिनिटांत सांगितले, ही गोष्ट मनातून जात नाही.

आपल्या धर्मात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये हीनाधिक मानोन्मान सांगितले आहे. देण्याचे माप कमी व घेण्याचे माप अधिक ठेवणे, हा तो दोष. श्रावकाच्या सचोटीची परीक्षा शास्त्रकारांनी वजनमापाच्या ठिकाणी घेतली आहे. मग खरे माप म्हणजे काय, हा प्रश्न जैन व्यापाऱ्यास परका कसा असेल? या प्रश्नाचा इतिहासही मोठा वाचनीय आहे. आपल्या देशात शेर, मण, पायली यांचा गावोगाव वेगळा कारभार होता. १९५६ सालच्या कायद्याने तो मोडला, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. किलोग्रॅम म्हणजे किती? १८८९ पासून उत्तर असे होते की, पॅरिसजवळ सेव्हर् येथे प्लॅटिनम व इरिडियम यांचा एक ठोकळा तीन काचेच्या घंटांखाली ठेवला आहे, त्याच्याइतके. त्याची ५७ क्रमांकाची प्रतिकृती भारताकडे आली आणि ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. पुढे असे आढळले की, शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रतिकृती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. बोटाचा ठसा उमटावा एवढे ते वजन! आपण असा फरक पासंगात धरून सोडून दिला असता. पदार्थवैज्ञानिकांनी सोडला नाही. २० मे २०१९ पासून ठोकळ्याचे राज्य संपले, आणि किलोग्रॅमची व्याख्या प्लांक यांच्या स्थिरांकावर बसविली गेली. त्या व्याख्येप्रमाणे वजन ठरविण्याचे एक साधन म्हणजे किबल यांचा तराजू. त्यात एका बाजूस वजनाचा भार आणि त्याच्या विरुद्ध विजेच्या प्रवाहाची ओढ असते. म्हणजे इतके सारे होऊन अखेर तराजूच! एवढे अचूक पारडे ज्यांनी सिद्ध केले ते सर्व पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी होते.

धर्माचा विषय निघाला म्हणून एक स्पष्ट बोलतो. आपल्या सभांमधून असे वारंवार ऐकू येते की, परमाणूचे ज्ञान आपल्या आचार्यांस पूर्वीच होते, तेव्हा आपण नवीन काय शिकावयाचे? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात पुद्गलाचा, परमाणूचा आणि स्निग्ध-रूक्ष गुणांमुळे होणाऱ्या त्यांच्या बंधाचा विचार आहे, याचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु पूर्वजांच्या कमाईचे व्याज खात बसणाऱ्या पेढीची गत काय होते ते आपण जाणतो. आचार्यांनी त्यांच्या काळी पदार्थाचे स्वरूप काय, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखविले. त्यांचा खरा वारस तोच म्हणावा, जो आज तोच प्रश्न हाती साधन घेऊन पुन्हा विचारतो.

अणुबाँबविषयीच्या आक्षेपाचे उत्तर आम्हांस एका चरित्रात सापडले. दौलतसिंह कोठारी हे १९०६ साली उदयपूर येथे जैन कुटुंबात जन्मले. अलाहाबादेस मेघनाद साहा यांच्याजवळ शिकले, केंब्रिजला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गेले, आणि १९४८ पासून संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार झाले. याच गृहस्थांनी १९५६ साली अणुस्फोटांचे परिणाम काय होतात यावर ग्रंथ सिद्ध करून जगास सावध केले. विनाशाचे माप सांगावयास पदार्थविज्ञान लागले. अज्ञानी माणूस अहिंसेचा फार तर पुरस्कार करील. तिच्या बाजूने आकडे मांडणे त्याला जमणार नाही. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगास त्यांचेच नाव पडले.

दुसरे उदाहरण आपल्या वर्गाच्या अधिक जवळचे आहे. अहमदाबादचे साराभाई घराणे जैन, गिरणीमालक, लक्ष्मीपुत्र. त्या घरातील विक्रम साराभाई यांनी १९४० साली केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाची पदवी घेतली, युद्धामुळे परत येऊन बंगळूरास सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांवर काम केले, आणि १९४७ साली अहमदाबादेस भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापिली. त्याच सुमारास त्यांनी कापडगिरण्यांच्या संशोधन संस्थेचाही पाया घातला. घरच्या धंद्याकडे त्यांनी पाठ फिरविली असे म्हणता येत नाही; साऱ्या शहराच्या धंद्याला त्यांनी विज्ञानाचा हात दिला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आपले जे यान उतरले त्याचे नाव विक्रम. एका व्यापारी घराण्यातील मुलाचे ते नाव आहे, हे आपण आपल्या मुलांस सांगतो का?

रामन यांचे उदाहरण तर हिशेबनिसांसाठीच आहे. १९०४ साली पदार्थविज्ञानात सुवर्णपदक मिळवूनही ते १९०७ साली सरकारच्या अर्थखात्यात गेले, कारण पोट सांभाळणे त्यांसही भाग होते. कलकत्त्यास दिवसा सरकारी हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम होता. १९१७ साली ती मोठी नोकरी सोडून त्यांनी बऱ्याच कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोध लागला आणि १९३० साली नोबेल पारितोषिक आले. आणि आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर! त्यांचे वडीलही गणिताचे प्राध्यापक. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा घराघरांतून हळहळ व्यक्त झाली, कारण त्यांनी आकाशाचे गणित मराठीत आणून दिले होते.

ही मोठी नावे झाली; प्रत्येक मुलगा रामन होत नाही. म्हणून आता रोकडा हिशेब. नुसत्या बी. एस्सी.वर आज फारसे मिळत नाही, हे कबूल केले पाहिजे. या पदवीकडे दुकानाची पायरी म्हणून पाहावे, दुकान म्हणून नव्हे. तिच्यापुढे बी. एड. करून शाळेत शिकविता येते. गणित व विज्ञान चांगले शिकविणारा शिक्षक आपल्या भागात किती दुर्मिळ आहे हे शिकवणीची बिले भरणाऱ्या पालकांस सांगावयास नको. एम. एस्सी. करून पात्रता परीक्षा दिली तर महाविद्यालयात जाता येते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत पदार्थविज्ञानाच्या एम. एस्सी. उमेदवारांस प्रवेश मिळू शकतो. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या रुग्णालयात किरणांची मात्रा मोजणारा भौतिकतज्ज्ञ असावाच लागतो, आणि तोही या शाखेचाच. बेळगावच्या ओतकामाच्या कारखान्यांत व हत्तरगीकडे विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत धातूच्या पोटातील तडा ध्वनिलहरींनी व क्ष-किरणांनी शोधतात. संगणकाच्या धंद्यातही, ज्याचे गणित पक्के आहे त्यास जागा मिळते. मात्र हे सर्व त्यालाच, ज्याने विषय मनापासून केला. ज्यास अभियांत्रिकीत जागा मिळाली नाही म्हणून जो नाइलाजाने येथे आला, त्याची तीन वर्षे व बापाचे पैसे दोन्ही फुकट जाण्याचा संभव अधिक. आपला मुलगा यांपैकी कोणता, हे पालकाने प्रवेशाआधी ओळखावे.

आपल्या सीमाभागाची अडचण आणखी वेगळी आहे. निपाणीच्या मुलास घरापासून पायी जाऊन दोन राज्यांतली दोन विद्यापीठे गाठता येतात. शहरात के. एल. ई. संस्थेचे बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकात, राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. आणि वेशीबाहेर अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाकडे. कर्नाटकाने २०२१ साली चार वर्षांचा पदवीक्रम आणला आणि २०२४ साली तो मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांचा केला. महाराष्ट्रात नव्या धोरणाप्रमाणे चौथ्या वर्षाची सोय ठेवली आहे. कोणता दाखला कोठे चालेल, कोणती सवलत कोणत्या राज्यातील रहिवाशास मिळेल, याचा उलगडा करता करता पालक थकून जातात, आणि मग 'त्यापेक्षा कॉमर्सला घाल' असा सोपा निर्णय होतो. सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागो. मुलांची वर्षे त्यासाठी थांबत नाहीत. त्यात भाषेची भिंत. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलास महाविद्यालयात सारे इंग्रजीतून ऐकावे लागते. मुलास विषय कळत असतो, पण वाक्य कळत नाही. आणि पहिल्या सहामाहीत तो स्वतःस मंदबुद्धी समजू लागतो. असे होऊन विषय सोडलेली मुले आमच्या माहितीत आहेत.

शिक्षणासाठी पैसा देणे आपल्याकडे नवे नाही. १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, आणि सभेने गावोगाव वसतिगृहे काढून खेड्यातील मुलांच्या शिक्षणाची सोय केली. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. बेळगावच्या विज्ञान महाविद्यालयास गोविंदराम सेक्सरिया या मुंबईच्या कापसाच्या व्यापाऱ्याचे नाव आहे; त्या दाराखालून गेलेल्या शेकडो मुलांनी एका व्यापाऱ्याचे नाव आपल्या दाखल्यावर वागविले. बंगळूरची विज्ञान संस्था १९०९ साली उभी राहिली ती जमशेटजी टाटा यांच्या दानातून. त्या पिढीच्या व्यापाऱ्यांनी आपल्याच मुलांच्या नोकरीचा हिशेब केला नव्हता. आमची समिती मात्र तो करीत बसली.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही पुढील सूचना मांडणार आहोत. शिष्यवृत्तीच्या नियमातील 'व्यावसायिक अभ्यासक्रम' हे शब्द काढून त्या जागी मूलभूत विज्ञानाच्या पदवीचाही समावेश व्हावा. तिची रक्कम एका वर्षापुरती न देता पदवी पूर्ण होईपर्यंत द्यावी, आणि पुढे एम. एस्सी.स प्रवेश मिळविणाऱ्यास ती चालू ठेवावी. कारण या रस्त्यात अर्ध्यावर सोडलेल्याचे नुकसान सर्वांत मोठे. प्रवेशानंतरच्या पहिल्या सुट्टीत, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी गणिताचा व इंग्रजी परिभाषेचा महिनाभराचा वर्ग संघाच्या सभागृहात भरवावा. निवृत्त प्राध्यापक या कामास आनंदाने येतील. दोन राज्यांचे नियम व परीक्षा यांची माहिती देणारा एक जाणता गृहस्थ मे व जून महिन्यांत संघाच्या कार्यालयात बसावा. आणि शिष्यवृत्ती समितीत यापुढे एक तरी शिक्षक असावा, म्हणजे आमच्यासारख्यांवर न पाहिलेल्या मालाचा भाव करण्याची पाळी येणार नाही.

पेढी कोण सांभाळील, या आक्षेपाचे उत्तर राहिले. ज्याच्या मनात पेढी नाही तो वाणिज्याची पदवी घेऊनही पुण्या-बंगळूरास जातो. हे आपण घरोघर पाहतो आहोत. त्याला बांधून ठेवणारा अभ्यासक्रम अजून निघालेला नाही. आणि मुलींच्या लग्नाविषयी एवढेच म्हणतो की, जे घर शिकलेल्या सुनेस नको म्हणेल त्या घरी मुलगी न देणे हाच शहाणपणाचा सौदा होय.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षास आहे. तिने पुन्हा अर्ज केलेला नाही, आणि आम्ही तिला कोणत्या तोंडाने सांगावे हे आम्हांस कळत नाही. नियम बदलला तर अर्जाचा कागद घेऊन आम्ही स्वतः दिवाणजींच्या घरी जाऊ. गेल्या वर्षीच्या शेऱ्याखालील सही पुसता येत नाही. चोपडीतील चुकीची नोंद खोडावयाची नसते, तिच्यापुढे दुरुस्तीची नोंद करावयाची असते, असे वडिलांनी आम्हांस शिकविले. सभासद बंधुभगिनींनी वार्षिक सभेस अगत्य उपस्थित राहून ही दुरुस्तीची नोंद करण्यास अनुमती द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.